अमीबाला पाय फुटतात म्हणजे नक्की काय होतं?

मागच्या अंकात अमीबावर चार ओळींची एक चौकट छापली होती, त्यात ‘अमीबा छद्मपादांनी म्हणजे खोट्या पायांनी सरकतो’ असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांना लांब उत्तर हवं होतं त्यांना लांब दिलंय.

प्रश्न : मी आठवीत आहे. अमीबाला पाय नसतात मग पाय कुठून येतो आणि काम झाल्यावर कुठे जातो? पाय बाहेर आला की अमीबाचं बाकीचं अंग छोटं होतं का?

हो, होतं. तुझा शेवटचा प्रश्नच खरं तर उत्तर आहे. छद्मपाद हा अमीबाचा वेगळा अवयव नाहीच, त्याचं अंगच तिकडे वाहत जातं. पुढे जेवढं गेलं तेवढं मागून कमी झालं.

आता हे नीट बघू, कारण पुस्तकातल्या चित्रात ते कळत नाही, चित्र थांबलेलं असतं आणि अमीबा कधी थांबत नाही. पुस्तकांमध्ये ज्याचं चित्र असतं तो अमीबा प्रोटिअस, पाव ते पाऊण मिलिमीटर लांब, म्हणजे एका पेशीच्या मानाने अवाढव्यच, काळ्या कागदावर पाण्याचा थेंब ठेवला तर नुसत्या डोळ्यांनाही तो पांढरट ठिपक्यासारखा दिसू शकतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं की त्याच्या पेशीद्रव्याचे दोन भाग सरळ दिसतात. बाहेरचा थर स्वच्छ, काचेसारखा आणि जेलीसारखा घट्ट. आतला भाग पातळ, वाहता, आणि त्यात बारीक बारीक कण असतात. हे कणच आपल्या कामाचे, कारण त्यांच्यामुळे प्रवाह दिसतो.

तर होतं काय, की पुढच्या टोकाला आधी एक स्वच्छ, कण नसलेला फुगवटा येतो. मग आतले कण त्या दिशेला धावत सुटतात, अगदी मधोमध, नदीला लोंढा यावा तसे. टोकाशी पोचले की कारंज्याच्या पाण्यासारखे दोन्ही बाजूंना वळतात आणि तिथे, बघता बघता, जागच्या जागी थबकतात. थबकतात कारण तिथलं पातळ द्रव्य घट्ट झालं, त्याची भिंत झाली. त्याचवेळी शेपटीकडे उलटं चालू असतं, तिथली घट्ट भिंत विरघळून पातळ होते आणि मधल्या प्रवाहात सामील होऊन पुढे निघते. म्हणजे जी भिंत मघाशी पुढच्या टोकाला बांधली होती ती जागेवरच राहते, अमीबा तिच्यावरून पुढे जातो, आणि जाता जाता तीच भिंत शेपटीला पोचते आणि पुन्हा वितळते. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा एका ठळक काळ्या कणावर नजर ठेवली होती. तो मधून धावत गेला, कडेला लागून थांबला, मग अमीबाचं अख्खं अंग त्याच्या शेजारून पुढे सरकलं आणि तो मागे राहता राहता शेपटीत आला, आणि परत धावायला लागला. चार-पाच मिनिटं गेली असतील, मला कळलीच नाहीत.

हे घट्ट-पातळ होणं म्हणजे काय जादू नाही. अ‍ॅक्टिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचे सुटे कण एकमेकांना जोडले की लांब धागे होतात, धाग्यांचं जाळं झालं की द्रव्य घट्ट, जाळं सुटलं की पातळ. या धाग्यांना ओढणारं दुसरं प्रोटीन म्हणजे मायोसिन. हीच जोडी तुझ्या दंडाच्या स्नायूत आहे, हात वाकवताना तीच काम करते.

प्रश्न : पण मग ढकलतं कोण? मागून दाबलं जातं की पुढून ओढलं जातं?

या एका मुद्द्यावर शास्त्रज्ञ कितीतरी दशकं भांडलेत. १९२६ मध्ये मास्ट या संशोधकाने घट्ट-पातळची कल्पना नीट मांडली, त्याचं म्हणणं होतं की मागची भिंत आवळली जाते आणि आतलं द्रव्य पुढे ढकललं जातं, ट्यूब मागून दाबल्यावर पेस्ट पुढे येते तसं. १९६० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅलन म्हणाला, नाही, कारंजं जिथे वळतं तिथे पुढेच आकुंचन होतं आणि तेच मागचं द्रव्य ओढून घेतं. आज चित्र असं आहे की दोन्ही बाजूंना काम चालतं. पुढच्या टोकाला अ‍ॅक्टिनचे धागे वाढत राहतात आणि पेशीच्या पडद्याला बाहेर रेटतात, मागे मायोसिन जाळं आवळतं, आणि कुठल्या जातीत कशाचा वाटा जास्त हे बदलतं. अमीबा प्रोटिअससारख्या जाडजूड पायाच्या अमीबात मागच्या दाबाचा वाटा मोठा, आणि पातळ पंख्यासारखं टोक पसरून सरपटणाऱ्या पेशींमध्ये पुढच्या धाग्यांचा.

एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सांगायची राहून जाते ती म्हणजे पकड. नुसता प्रवाह असून भागत नाही, खाली कशाला तरी चिकटावं लागतं. पाण्यात अधांतरी तरंगणारा अमीबा चारी बाजूंना पाय काढतो, चांदणीसारखा दिसतो, पण त्या पायांनी तो कुठेही जात नाही. एखादा पाय काचेला किंवा पानाला टेकला, चिकटला, की मग सगळं अंग त्या पायात उतरतं आणि चाल सुरू होते. आपण नेहमी वरून बघतो म्हणून तो पोटावर सरपटतोय असं वाटतं, बाजूने बघितलं तर कळतं की तो जमिनीला सगळीकडून चिकटलेला नसतो, मोजक्या जागी टेकलेला असतो आणि मधला भाग अधांतरी असतो. खोटे पाय म्हणतो खरे, पण तो त्यावर बऱ्यापैकी चालतोच.

प्रश्न : त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, मग कुठे जायचं हे त्याला कसं कळतं?

केमिकलने, स्पर्शाने, आणि काही प्रमाणात उजेडाने. जोराचा उजेड अचानक पडला तर अमीबा प्रोटिअस थबकतो आणि दिशा बदलतो. भक्ष्याचा वास, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ, जिकडून येतात तिकडे पाय काढतो.

पण वासाची दिशा कळते कशी, हा खरा प्रश्न. याचा सगळ्यात बारीक अभ्यास झालाय तो मातीत राहणाऱ्या डिक्टिओस्टेलिअम नावाच्या अमीबावर. या पेशीच्या पृष्ठभागावर केमिकल पकडणारी प्रोटीन असतात, पुढच्या बाजूला किती अडकली आणि मागच्या बाजूला किती, एवढ्या फरकावरून ती दिशा ठरवते. आणि हा फरक १-२ टक्के असला तरी पुरतो! जिकडे थोडं जास्त, तिकडे आत अ‍ॅक्टिन वाढायला सुरुवात होते आणि बाकीच्या बाजूंना दाबलं जातं, म्हणजे छोटासा फरक आतमध्ये मोठा केला जातो.

हा डिक्टिओस्टेलिअम मला फार आवडतो म्हणून थोडं विषयांतर करतो. खायला बॅक्टेरिया असेपर्यंत प्रत्येक पेशी एकटी फिरते. उपासमार सुरू झाली की काही पेशी सायक्लिक एएमपी नावाचं केमिकल सोडायला लागतात, शेजारच्या त्याच्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तेच सोडतात, दर सहा-एक मिनिटांनी एक लाट अशी निरोपाची साखळी लागते, आणि साधारण १ लाखापर्यंत पेशी एका जागी गोळा होतात. मग त्यांचा मिळून दोन-चार मिलिमीटरचा गोगलगायीसारखा गोळा होतो, तो एकसंध प्राण्यासारखा उजेडाकडे सरपटतो, आणि शेवटी उभा राहतो. साधारण पाचवा हिस्सा पेशी देठ होऊन मरून जातात, उरलेल्या वर बीजाणू होऊन वाऱ्यापाण्याची वाट बघतात. मेंदू कुठेच नाही, आणि तरी एवढं सगळं.

प्रश्न : पॅरामेशिअम सुसाट जातं आणि अमीबा एवढा हळू का? दोघंही एकपेशीयच ना?

आकडे सांगतो. अमीबा प्रोटिअस सेकंदाला साधारण १ ते ५ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे चांगल्या चालीच्या अमीबालाही १ मिलिमीटर कापायला तीन-चार मिनिटं लागतात. पॅरामेशिअम तेच अंतर सेकंदाभरात पार करतं. अमीबा अंगाचं सामानच हलवून पुढे नेतो, दर पावलाला भिंत बांधायची आणि पाडायची. पॅरामेशिअमचं अंग मात्र ठरलेल्या आकाराचं असतं आणि त्यावर हजारो रोमके, म्हणजे बारीक केस, वल्ह्यासारखे चालत असतात. ही रोमके एकदम सगळी नाही हलत, वाऱ्याने पीक हलतं तशी एकामागून एक लाट जाते.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे एवढ्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखं वाटतच नाही. आपण पोहताना एक हात मारला की थोडं अंतर आपोआप पुढे जातो. बॅक्टेरियाने हालचाल थांबवली तर तो एका अणूच्या व्यासाइतकंसुद्धा पुढे घसरत नाही, तिथल्या तिथे खिळतो. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे फार सुंदर समजावून सांगितलं होतं. एवढ्या लहान मापाला पाण्याचा चिकटपणाच सगळं ठरवतो, अंगातल्या वेगाला काही किंमत नसते, घट्ट डिंकात पोहल्यासारखं. आणि अशा डिंकात वल्हं जसं पुढे मारलं अगदी तसंच मागे आणलं, तर जेवढे पुढे गेलात तेवढेच मागे येता, मग ते कितीही जोरात मारा.

म्हणून रोमक जाताना ताठ असतं आणि येताना वाकून, अंगालगत घसटत येतं. जाणं आणि येणं सारखं नाही, त्या फरकातूनच पुढे जाणं होतं. या रोमकाच्या आत आडवा छेद घेतला तर कडेने नऊ जोड्या आणि मध्ये दोन अशा बारीक नळ्या दिसतात, आणि डायनिन नावाचं प्रोटीन एका जोडीला शेजारच्या जोडीवरून सरकवतं, त्यामुळे रोमक वाकतं.

आणि पॅरामेशिअम आदळलं तर? रोमकांच्या पडद्यातून कॅल्शिअम आत शिरतं, रोमके उलटी मारायला लागतात, गाडी रिव्हर्स घेते, थोडी वळते आणि परत पुढे निघते. ज्यांना रिव्हर्स घेताच येत नाही असे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले पॅरामेशिअम, प्रयोगशाळेत सापडलेत, त्यांचं नाव ठेवलंय बुद्धिबळातल्या प्याद्यावरून, कारण प्यादंही मागे येत नाही.

प्रश्न : बॅक्टेरियाला पण कशाभिका असते आणि युग्लीनालाही. मग ते जवळचे नातेवाईक झाले ना?

नाही, आणि इथे चूक शब्दाची आहे, तुमची नाही. दोन्हीकडे कशाभिका हाच शब्द वापरतात पण वस्तू पूर्ण वेगळ्या आहेत. युग्लीना या एकपेशीय जिवाची कशाभिका म्हणजे लांब रोमकच, आत त्याच नऊ अधिक दोन नळ्या, बाहेरून पेशीचा पडदा, आणि ती चाबकासारखी लाटा मारते. बॅक्टेरियाची कशाभिका फ्लॅजेलिन या प्रोटीनची पीळदार दोरी आहे, ती स्वतः वाकत नाही, तिच्या बुडाशी पेशीच्या भिंतीत खरीखुरी फिरणारी मोटर असते. ई. कोलाय या बॅक्टेरियात ती सेकंदाला १०० च्या आसपास फेरे घेते. ती फिरते, हलत नाही, हे १९७३ मध्ये नक्की झालं. युग्लीनाच्या कशाभिकेची जाडी तिच्या दहापट तरी असते. दोन वेगळे कारागीर, दोन वेगळी यंत्रं, आणि पुस्तकात नाव एकच.

युग्लीनाकडे आणखी एक चाल आहे. कशाभिका न वापरता ते कधी कधी अंग फुगवत-आवळत, गांडुळासारखं सरकतं. त्याच्या अंगावर प्रोटीनच्या पट्ट्या असतात, त्या एकमेकींवरून घसरतात म्हणून आकार बदलतो. बघायला मिळालं तर सोडू नका.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्या वेळी आदिजीवांचे चार गट होते : छद्मपादवाले, कशाभिकावाले, रोमकवाले आणि हालचालीचा अवयव नसलेले बीजाणूवाले. आता म्हणतात ते चुकीचं आहे. मग मुलांना काय शिकवायचं?

बाई, तुमच्या या प्रश्नासाठीच खरं तर हा कॉलम लांबवला.

आधी ते चार गट आले कुठून ते बघू. १७५५ मध्ये रोझेल फॉन रोझेनहोफने अमीबासारख्या जिवाचं चित्र काढलं आणि त्याला छोटा प्रोटिअस म्हटलं, प्रोटिअस हा ग्रीक कथांतला रूपं बदलणारा समुद्रदेव. अमीबा हे नावही बदल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. त्या काळात मायक्रोस्कोपखाली दिसायचं काय? आकार आणि हालचाल. आकार तर सारखा बदलतोय, मग हालचालीवरून गट पाडले, आणि त्यावेळी दुसरं काही हातात नव्हतं. १८६६ मध्ये हेकेलने अशा जिवांसाठी प्रोटिस्टा नावाचं वेगळं घर काढलं, १९६९ मध्ये व्हिटाकरच्या पंचसृष्टीत, म्हणजे सजीवांच्या पाच गटांच्या वर्गीकरणात, ते कायम झालं, आणि आत हालचालीचे चार खण तसेच राहिले.

कुरबुर आधीपासून होती. काही जीव एका वेळी अमीबा असतात आणि थोड्या वेळाने कशाभिका काढून पोहायला लागतात, त्यांना कुठल्या खणात ठेवायचं? म्हणून १९६४ च्या वर्गीकरणात छद्मपादवाले आणि कशाभिकावाले एकाच मोठ्या गटात घातले. पण खरा उलगडा झाला डीएनए आणि आरएनए वाचता यायला लागल्यावर. तेव्हा दिसलं की छद्मपाद काढून सरकणं हे आडनाव नाहीये, ती एक चाल आहे, आणि ती चाल वेगवेगळ्या घराण्यांत आढळते.

बघा कसं. अमीबा प्रोटिअस, आमांश करणारा एन्टामिबा आणि वर सांगितलेला डिक्टिओस्टेलिअम हे अमीबोझोआ या घराण्यातले. समुद्रात चुनखडीचं कवच करून जाळ्यासारखे बारीक पाय पसरणारे फोरॅमिनिफेरा दुसऱ्याच रायझेरिया घराण्यातले. आणि नेग्लेरिया, जो सरकताना बघितला तर कुणीही अमीबाच म्हणेल, तो युग्लीनाच्या बाजूचा! मला हे वाचून जे वाटलं होतं ते अजून आठवतं, कारण यापुढची पायरी अशी की अमीबोझोआ हे घराणं प्राणी आणि बुरशी यांच्या शेजारचं आहे. म्हणजे अमीबा प्रोटिअस नेग्लेरियाला जितका जवळचा आहे त्यापेक्षा तुम्हाला आणि मला जास्त जवळचा आहे.

उलटंही होतं. हजारो रोमकांचं पॅरामेशिअम आणि अंगावर एकही रोमक नसलेला मलेरियाचा प्लाझमोडिअम, जुन्या तक्त्यात दोन टोकांना, ते प्रत्यक्षात एकाच घराण्यातले निघाले, दोघांच्याही पडद्याखाली तशाच चपट्या पिशव्यांचा थर असतो. आणि बीजाणूवाले हलत नाहीत हेही पूर्ण खरं नाही. डासाने सोडलेला प्लाझमोडिअम कातडीत सेकंदाला मायक्रोमीटर-दोन मायक्रोमीटर वेगाने घसरत जातो, आकार न बदलता, पडद्याखालच्या अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या जोरावर. त्याच्या नर पेशींना तर कशाभिका असतात, १८८० मध्ये लाव्हेराँने रुग्णाच्या रक्तात त्याच वळवळताना बघितल्या आणि म्हणूनच त्याला खात्री पटली की हे मेलेले कण नाहीत, जिवंत परजीवी आहे.

मग शिकवायचं काय? माझं स्पष्ट मत असं की चारचा तक्ता फेकू नका, त्याचं शीर्षक बदला. ‘एकपेशीय जीव कसे हलतात’ असं शीर्षक द्या, तो त्यासाठी उत्तम आहे, मुलांना दिसतो, आठवतो, मायक्रोस्कोपखाली ताडून बघता येतो. त्याला ‘कोण कोणाचा नातेवाईक’ असं मात्र म्हणू नका. वटवाघूळ उडतं म्हणून पक्षी नाही हे मुलांना लगेच पटतं, त्याच दमात हेही सांगता येतं. परीक्षेत पुस्तकात आहे तसं लिहू द्या, मार्क जायला नकोत, पण वर्गात एकदा तरी नेग्लेरियाची गोष्ट सांगा.

प्रश्न : मेंदू खाणारा अमीबा आणि पोट बिघडवणारा अमीबा एकच का? पाणी प्यायल्याने मेंदूत जातो का?

एकच नाही, आणि वर वाचलंत तसं फारसे नातेवाईकही नाहीत. पाणी प्यायल्याने नेग्लेरिया मेंदूत जात नाही, हे आधी सांगून टाकतो म्हणजे घाबरायला नको.

नेग्लेरिया फाउलेरी कोमट गोड्या पाण्यात आणि मातीत मोकळा राहतो, बॅक्टेरिया खातो, ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यातही वाढतो. पाणी जोरात नाकात गेलं तर तो वासाच्या नसेवरून वर चढून मेंदूत पोचू शकतो. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे पण झाला तर ९७ टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात, एकाकडून दुसऱ्याला होत नाही. म्हणून काळजी नाकाची घ्यायची, साचलेल्या कोमट पाण्यात सूर मारताना नाक धरा, आणि नाक धुण्याची सवय असेल तर उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा. पोहून आल्यावर काही दिवसांत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं काही झालं तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि पाण्यात गेलो होतो हे आपण होऊन सांगा.

हाच तो आकार बदलणारा पठ्ठ्या. पाण्यातले क्षार आणि खाणं कमी झालं की तासा-दोन तासांत सरपटणं सोडून अंग लांबट करतो, कशाभिका काढतो, त्याच्या नळ्या नव्याने तयार करतो आणि पोहायला लागतो.

एन्टामिबा हिस्टोलिटिकाची गोष्ट वेगळी. तो तोंडावाटे येतो, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून, आणि येताना अमीबाच्या रूपात नसतो, गोल जाड कवचाच्या पुटीत बंद असतो. आतड्यात पोचल्यावर कवच उघडतं आणि मग छद्मपाद काढून सरकणारा अमीबा होतो. ही पुटी क्लोरीनला सहज दाद देत नाही, उकळल्यावर मात्र मरते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तिसरा एक लक्षात ठेवा, अकँथामिबा, तो डोळ्याच्या बुबुळावर हल्ला करतो, म्हणून लेन्स साध्या पाण्याने कधीही धुवू नका.

प्रश्न : पांढऱ्या पेशी अमीबासारख्या चालतात म्हणतात. त्या आपल्या अंगात शिरलेल्या अमीबाच आहेत का?

नाही, त्या आपल्याच पेशी आहेत, आपल्याच हाडांच्या मगजात तयार झालेल्या. पण चाल तीच, सामान तेच. अ‍ॅक्टिन पुढे, मायोसिन मागे, केमिकलच्या फरकावरून दिशा. जखमेकडे निघालेली न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटरच्या आसपास सरकते, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून स्वतःला पातळ करून बाहेर पडते. गर्भात पेशी आपापल्या जागी जातात त्याही पुष्कळशा अशाच सरपटत जातात. दुर्दैवाने कॅन्सरच्या पेशी पसरतात तेव्हाही याच यंत्रणेचा वापर करतात, म्हणून अमीबाच्या चालीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांना हॉस्पिटलवाले नीट ओळखतात.

प्रश्न : अमीबा सगळ्यात साधा, सगळ्यात आदिम जीव ना?

आदिम नाही. त्याच्यात केंद्रक आहे, अन्न पचवणाऱ्या पिशव्या म्हणजे अन्नरिक्तिका आहेत, आत शिरणारं पाणी गोळा करून दर काही मिनिटांनी बाहेर फेकणारी संकोची रिक्तिका आहे. बॅक्टेरिया त्याच्यापेक्षा कितीतरी जुने. एका पेशीत सगळं करायचं म्हणून त्याची पेशी आपल्या बऱ्याचशा पेशींपेक्षा जास्त कामं करते.

प्रश्न : साध्या मायक्रोस्कोपने अमीबा बघायचा असेल तर काय करू? मी तीनदा प्रयत्न केला, एकदाही दिसला नाही.

तुम्ही बहुधा वरचं पाणी घेतलंत. अमीबा तळाला असतो. साचलेल्या पाण्यातली कुजकी पानं आणि थोडा गाळ रुंद तोंडाच्या बरणीत आणा, झाकण घट्ट लावू नका, उन्हात ठेवू नका, आणि काही दिवस हलवू नका. मग ड्रॉपरचा फुगा आधी दाबून तो थेट तळाशी न्या, तिथे सोडा, म्हणजे गाळाच्या वरचा पातळ थर ओढला जाईल. कुजक्या पानाची खालची बाजू काचपट्टीवर खरवडली तरी चालेल.

कव्हरस्लिप नुसती ठेवली तर अमीबा चिरडतो, म्हणून तिच्या दोन कडांखाली केसाचे तुकडे ठेवा. सुरुवात ४० पटीने करा, मग १००. आणि उजेड कमी करा! नवीन माणसं इथेच चुकतात, लख्ख उजेडात अमीबा काचेत काच दिसावी तसा हरवून जातो. डायफ्रॅम, म्हणजे मायक्रोस्कोपची उजेड कमी-जास्त करायची झडप, बंद करत आणा, कडा उठून दिसायला लागतील.

स्लाइड ठेवल्या ठेवल्या शोधू नका. हलवाहलवीने तो गोळा होऊन बसलेला असतो आणि मातीच्या कणासारखा दिसतो. पाच-दहा मिनिटं थांबा. मग राखाडी, कणीदार, कडेला स्वच्छ किनार असलेला ठिपका शोधा आणि त्याच्याकडे किमान दोन मिनिटं बघत रहा. आतले कण वाहताना दिसले तर तोच. एक काळा कण निवडा आणि तो शेपटीला येऊन परत धावेपर्यंत नजर हलवू नका. मध्येच थेंब कडेने सुकायला लागला तर कव्हरस्लिपच्या काठाला त्याच बरणीतल्या पाण्याचा एक थेंब सोडा, नळाचं पाणी नको.